शब्दचर्चा : 'रेलिक रेडिएशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
नववी-दहावीच्या मुलांसाठी एका लेखाचा अनुवाद करते आहे. विश्वाच्या बालपणापासून टिकून राहिलेल्या प्रारणावरून मूलकणांचे सिद्धांत कसे तपासतात, हा विषय. एका जुन्या भाषांतरात 'अवशेष किरणोत्सर्ग' असं वाचलं. मला ते पटत नाही, पण दुसरं काय वापरावं तेही सुचत नाही.

प्रतिसाद
ताई, आधी 'किरणोत्सर्ग' काढा. वर्तमानपत्रं तो सरसकट वापरतात, पण किरणोत्सर्ग म्हटला की युरेनियम, रेडियम यांसारख्या अस्थिर अणुकेंद्रांतून बाहेर पडणारे किरण डोळ्यांपुढे येतात. इथे कुठलंही अणुकेंद्र फुटत नाही. हा साधा प्रकाश आहे, फक्त ताणला गेलेला. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं असताना तापमान ३,००० केल्विनच्या आसपास उतरलं, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जोडून हायड्रोजन तयार झाला आणि प्रकाशाला वाट मोकळी झाली. तेव्हापासून विश्व जवळजवळ १,१०० पट प्रसरण पावलं, म्हणून आज तो सूक्ष्मतरंगांच्या रूपात २.७२५ केल्विन तापमानाचा सापडतो. त्याला 'प्रारण' हाच नेमका शब्द.

प्रतिसाद
सहमत. आता 'अवशेष'विषयी. आपल्याकडे अवशेष म्हणजे उत्खननात निघतात ते, भंगलेले, अर्धेमुर्धे. हे प्रारण तसं नाही. आजही प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये त्याचे सुमारे ४१० फोटॉन आहेत आणि त्याचा वर्णपट तापलेल्या आदर्श काळ्या वस्तूच्या सैद्धांतिक वक्राशी विलक्षण अचूक जुळतो. रशियन भाषेत याला जे नाव आहे ते खगोलशास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनी रूढ केलं. त्यातला 'रेलिक्ट' हा शब्द जीवशास्त्रात जुन्या युगातून तगून राहिलेल्या वनस्पती-प्राण्यांनाही लावतात. म्हणजे तगून राहण्याचा अर्थ त्यात आहे, मोडतोडीचा नाही.

माझं मत 'अवशिष्ट प्रारण'. ते विशेषण असल्याने पुढेही चालतं : अवशिष्ट न्यूट्रिनो (पदार्थातून सहज आरपार जाणारे अतिशय हलके कण), अवशिष्ट कृष्णद्रव्य (न दिसणारं, गुरुत्वाकर्षणावरूनच ओळखू येणारं द्रव्य). मूलकणवाले 'रेलिक' शब्द या सगळ्यांनाच लावतात. 'अवशेष न्यूट्रिनो' म्हणून बघा, जीभ अडखळते.

प्रतिसाद
एक हरकत. 'अवशिष्ट' म्हणताना आपण इतिहास गृहीत धरतो. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या अँटेनातली खरखर जाहीर केली, तेव्हा हाती होतं ते एवढंच की आकाशात सगळीकडून सारखेच सूक्ष्मतरंग येतात. जयंत नारळीकरांनी महास्फोटाचा अर्थ शेवटपर्यंत मान्य केला नाही. हॉइल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसह केलेल्या त्यांच्या मांडणीत हे प्रारण मुळात ताऱ्यांचाच प्रकाश, लोहाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेला. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ती मांडणी पटली नाही, मलाही पटत नाही. पण निरीक्षण कुठलं आणि अनुमान कुठलं हे मुलांना कळायला हवं. पहिल्या उल्लेखात 'पार्श्वप्रारण' म्हणा, इतिहास सांगून झाला की 'अवशिष्ट'.

प्रतिसाद (विचारणारी)
ही विभागणी फार आवडली, तशीच ठेवते. आता अडलंय ते पुढे. लेखात 'न्यूट्रिनोंचे प्रकार २.९९' असं वाक्य आहे. प्रकार अपूर्णांकात कसे?

प्रतिसाद
मूळ शब्द 'प्रभावी संख्या' असा असणार, आणि त्यातलं 'प्रभावी' गाळलं की सगळा अर्थ जातो. थोडं सविस्तर सांगतो, कारण लेखाचा गाभा हाच आहे.

विश्व साधारण एका सेकंदाचं असताना न्यूट्रिनो इतर कणांपासून सुटे झाले. त्यानंतर इलेक्ट्रॉन आणि त्यांचे प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांना नष्ट करू लागले आणि त्यांची ऊर्जा प्रकाशाला मिळाली, न्यूट्रिनोंना जवळजवळ नाही. म्हणून प्रकाश आज २.७२५ केल्विनवर, तर न्यूट्रिनो गणिताने १.९५ केल्विनवर. ते न्यूट्रिनो थेट कुणी पकडलेले नाहीत. पण त्यांच्या ऊर्जेमुळे विश्वाचा प्रसरणवेग बदलतो आणि त्याची खूण पार्श्वप्रारणातल्या बारीक चढउतारांवर उमटते. वहीतली शिल्लक बघून किती वाटेकरी होते ते काढावं, तसा हा हिशेब. हे चढउतार मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांत उत्तर आलं २.९९, अधिक-उणे ०.१७. सिद्धांताची अपेक्षा ३.०४४. नेमके ३ नाहीत, कारण न्यूट्रिनो पुरते सुटण्याआधीच थोडी ऊर्जा त्यांच्याकडे झिरपली.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या भुयारी कणत्वरकात झेड या जड मूलकणाच्या ऱ्हासावरून हीच गोष्ट आधी मोजली होती, तिथेही उत्तर तीनच. कुठे जमिनीखालचा बोगदा आणि कुठे अख्खं आकाश! मला हे जुळणं आजही थरारून टाकतं. तरी 'सिद्ध झालं' लिहू नका. 'सिद्धांत कसोटीला उतरला' लिहा. चौथा हलका प्रकार त्याच तापमानाला सोबत असता, तर आकडा चारच्या आसपास गेला असता.

प्रतिसाद
वस्तुमानाचं वाक्यही तपासा. 'न्यूट्रिनोचं वस्तुमान ०.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे' असं छापलेलं मी पाहिलं आहे (इलेक्ट्रॉन व्होल्ट हे ऊर्जेचं एकक मूलकणांच्या वस्तुमानासाठीही वापरतात). ती वरची मर्यादा आहे, तीही तिन्ही प्रकारांच्या बेरजेची, आणि प्लँकच्या जोडीला दीर्घिकांच्या वितरणाची मोजमापं घेऊन काढलेली. 'बेरीज ०.१२ पेक्षा जास्त नसावी' हे बरोबर. न्यूट्रिनो एका प्रकारातून दुसऱ्यात बदलतात, त्यावरून ही बेरीज किमान ०.०६ च्या आसपास असायला हवी. 'नसावी' मुद्दाम म्हणतो, कारण ही मर्यादा विश्वाचं प्रचलित प्रारूप धरून निघते. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेने ट्रिटियम या किरणोत्सर्गी हायड्रोजनच्या ऱ्हासावरून २०२२ मध्ये दिलेली ०.८ ची मर्यादा (ही बेरजेची नव्हे, एका न्यूट्रिनोची) सैल आहे, पण विश्वाच्या प्रारूपावर अवलंबून नाही.

प्रतिसाद (विचारणारी)
आणि 'पोलरायझेशन'? मी 'ध्रुवीकरण' लिहिलं आहे.

प्रतिसाद
'ध्रुवण' करा, म्हणजे प्रकाशाच्या कंपनांना ठरावीक दिशा असणं. ध्रुवीकरण आता निवडणुकांच्या बातम्यांत रुळलं आहे आणि पाठ्यपुस्तकांत 'ध्रुवित प्रकाश' आहेच. त्याच परिच्छेदात बहुधा दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीचा उल्लेख असेल. मार्च २०१४ मध्ये तिच्या गटाने ध्रुवणात एक विशिष्ट भोवऱ्यासारखी रचना दिसल्याचं आणि ती आदिम गुरुत्वीय लहरींची (विश्वाच्या जन्मवेळी अवकाशात उठलेल्या तरंगांची) असल्याचं जाहीर केलं. २०१५ मध्ये प्लँकच्या गटासोबत पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा वाटा त्यात मोठा निघाला आणि गुरुत्वीय लहरींचा ठोस पुरावा उरला नाही. लेखात तिथे 'शोध लागला' असेल, तर 'दावा झाला' करा आणि २०१५ चं वाक्य लगेच पुढे जोडा.