६० कुटुंबांवर टीडीटी ही आनुवंशिक चाचणी केली, 'संबंध नाही' असं लिहू का?

प्रश्न
दुभंगलेल्या ओठाच्या ऑपरेशनसाठी येणारी मुलं आणि त्यांचे आईवडील, असे ६० ट्रायो (आई, वडील, मूल) जमवलेत. आयआरएफ-६ जनुकातला एक एसएनपी (डीएनएतला एका अक्षराचा फरक) तपासला. धोक्याच्या अ‍ॅलीलचं (त्या जागेच्या दोन रूपांपैकी आजाराशी जोडलेल्या रूपाचं) प्रमाण साधारण १० टक्के. हेटेरोझायगस, म्हणजे दोन वेगळी अ‍ॅलील असलेले, पालक निघाले २६. त्यांतल्या १५ जणांकडून धोक्याचं अ‍ॅलील मुलाकडे गेलं, ११ जणांकडून दुसरं. काय-स्क्वेअर ०.६२, पी (निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) ०.४३. गाइड म्हणतात, 'असोसिएशन नाही' लिही आणि थीसिस बाइंडिंगला टाक. माझं मन काही मानत नाही.

उत्तर १
मानू नकाच. टीडीटीत ६० कुटुंबं मोजली जात नाहीत, मोजले जातात ते २६ पालक. होमोझायगस (दोन्ही अ‍ॅलील सारखी असलेला) पालक दोन्ही वेळा तेच देणार, त्याच्याकडून काही कळत नाही. धोका प्रत्येक अ‍ॅलीलमागे दीडपट असता तरी हेटेरोझायगस पालकाकडून ते जाण्याची शक्यता ५० वरून फक्त ६० टक्के होते. हा फरक २६ जणांत पकडण्याची पॉवर, म्हणजे तो सापडण्याची शक्यता, १७ टक्क्यांच्या आसपास येते. ८० टक्के हवी तर असे १९४ पालक, म्हणजे सुमारे ४५० ट्रायो लागतील. २००४ साली आयआरएफ-६ चा संबंध ठळकपणे दिसला, त्या अभ्यासात जवळपास दोन हजार कुटुंबं होती.

निकालात पी सोबत गुणोत्तर द्या: १५/११ म्हणजे १.३६, आणि ९५ टक्के मर्यादा ०.६३ ते २.९७. जवळजवळ तिप्पट धोकासुद्धा या आकड्यांत बसतो. मग 'नाही' कसं म्हणणार? आलेल्या पी वरून उलटी पॉवर मात्र काढत बसू नका, त्यातून नवं काहीच कळत नाही. अपेक्षित धोका आधीच्या अभ्यासांतून घ्या.

उत्तर २
एवढ्या खटपटीपेक्षा रक्तपेढीतले कंट्रोल (तुलनेसाठी निरोगी लोक) घेतले असते तर?

उत्तर १
आपल्याकडे तिथेच घोळ होतो. लग्नं जातीत होतात, त्यामुळे अ‍ॅलीलचं प्रमाण जातीजातींत वेगळं. केस (आजार असलेली मुलं) एका समाजातल्या जास्त आणि कंट्रोल दुसऱ्या समाजातले जास्त आले, की नसलेला संबंध दिसायला लागतो. स्पीलमन, मॅकगिनिस आणि यूएन्स यांनी १९९३ मध्ये टीडीटी मांडली. तिच्यात पालकाचं न गेलेलं अ‍ॅलील हाच कंट्रोल. गावोगावच्या कुटुंबांसाठी मी आजही तीच निवडेन.

प्रश्नकर्ती
पटलं. अजून एक. बऱ्याच मुलांचे वडील कामासाठी बाहेरगावी असतात, रक्त फक्त आईचं मिळालंय. ती कुटुंबं बाजूला ठेवलीत. घेऊ का?

उत्तर १
घ्या, पण साध्या टीडीटीत घालू नका. आई आणि मूल दोघंही हेटेरोझायगस असले तर कुणाकडून काय आलं ते कळत नाही. कळतात तेवढीच मोजली तर पारडं नेहमीच्या अ‍ॅलीलकडे झुकतं. एफबॅट ही कुटुंबांवरची चाचणी करणारी पद्धत ही अडचण सांभाळते. त्यातही निरोगी सख्ख्या भावंडाचं रक्त मिळालं तर फार मदत होते. पुढच्या फॉलो-अपला आयांना धाकट्याला घेऊन यायला सांगा, आणि एथिक्स कमिटीकडून आधी अभ्यासातली ही दुरुस्ती मंजूर करून घ्या.