एक दुकान यूपीआय घेतं, शेजारचं ‘रोखच द्या’ म्हणतं – नेमकं कारण काय?

घाटमाथा

तालुक्याच्या गावातली एकच बाजारपेठ घ्या. मेडिकलवाला दहा रुपयांचंसुद्धा यूपीआय घेतो. किराणावाल्याकडे बँक खात्यातून पैसे जातात, पण त्याच क्यूआरवर रुपे क्रेडिट कार्ड निवडलं की अ‍ॅप नकार देतं. हार्डवेअरवाला दोन हजारांच्या वर गेलं की रोख मागतो. बेकरीत काउंटरवर क्यूआर उभा असूनही "नंबरवर टाका" म्हणतात. पेट्रोलपंपावर तर अधूनमधून "यूपीआय बंद" अशी पाटीच असते.

दुकानदाराला असा नकार देता येतो का? कार्ड कुठल्या क्यूआरवर चालेल हे आधी कळतं का? पैसे कापले गेले आणि पैसे आल्याचं बोलून सांगणारा बॉक्स (साउंडबॉक्स) बोललाच नाही तर काउंटरवर काय करायचं? आणि कोकणात उतरल्यावर रेंज नसेल तर पर्याय काय? जाणकारांनी कारणासकट सांगावं. "सगळे चोर आहेत" हे उत्तर माहीत आहे.

काउंटरपलीकडे

तुमच्या यादीतल्या प्रत्येक दुकानाचं दुखणं वेगळं आहे.

किराणावाल्याचा क्यूआर बहुधा वैयक्तिक आहे. दुकानाची व्यापारी म्हणून नोंदणी न करता स्वतःच्या अ‍ॅपमधला क्यूआर छापून, लॅमिनेट करून लावलेला. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची सोय २०२२ पासून आहे, पण ती फक्त व्यापाऱ्याला पैसे द्यायला. वैयक्तिक खात्यात कार्डावरून पैसे टाकता येत नाहीत, म्हणून अ‍ॅप तिथेच अडवतं. (व्हिसा किंवा मास्टरकार्डचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडताच येत नाही, तो शोध घेऊ नका.)

ओळखायचं असेल तर पेमेंट अ‍ॅप न उघडता एखाद्या साध्या क्यूआर वाचणाऱ्या अ‍ॅपने कोड वाचा. आत एक लांबलचक ओळ दिसते. त्यात ‘पीए’पुढे यूपीआय पत्ता असतो, ‘पीएन’पुढे नाव आणि ‘एमसी’पुढे धंद्याचा चार आकडी कोड: किराण्याला ५४११, हॉटेलला ५८१२, पंपाला ५५४१. एमसी नसेलच किंवा त्यापुढे ०००० असेल तर तो व्यापारी क्यूआर नव्हे. एवढा खटाटोप नको असेल तर स्कॅन करून रक्कम टाका आणि पैसे कुठून द्यायचे ती यादी उघडा. तिथे कार्ड फिकट दिसलं की समजायचं. पिनपर्यंत जायची गरज नाही. कोड व्यापारी असूनही कार्ड चालत नसेल, तर त्या दुकानाच्या खात्यावर क्रेडिटची सोय सुरूच केलेली नसते. कधी दुकानदाराने स्वतः बंद करून घेतलेली असते.

का बंद करून घेतो, त्याचं उत्तर हार्डवेअरवाल्याकडे आहे. बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एक पैसाही शुल्क नाही, रक्कम दोनशे असो की वीस हजार. पण ग्राहकाने वॉलेटमधून दिले तर २,००० च्या वर १.१ टक्क्यापर्यंत शुल्क दुकानदाराच्या बाजूने जातं; एप्रिल २०२३ पासून हा नियम आहे. रुपे क्रेडिट कार्डावरही लहान दुकानदाराला २,००० पर्यंत माफी, त्याच्या वर गेलं की कार्ड मशीनसारखंच शुल्क. सिमेंटच्या गोणीवर सुटतं किती, त्यातून हे कोण देणार? ग्राहक पैसे कुठून देतोय हे त्याला काउंटरवर दिसत नाही, म्हणून तो सरसकट "रोख द्या" म्हणून मोकळा होतो. "बँक खात्यातून देतोय" असं सांगून खातं निवडलेला स्क्रीन दाखवा, निम्मे तरी तयार होतात. उरलेल्यांनी आपल्या क्यूआर कंपनीला सांगून क्रेडिट आणि वॉलेट बंद करून घ्यावं. ग्राहकावर सरसकट "दोन टक्के ज्यादा" लावणारे मात्र चुकतात. खात्यातून आलेल्या पैशांवर त्यांचं काहीच जात नाही.

बेकरीवाल्याची अडचण रोकड फिरवण्याची. अ‍ॅप कंपनीच्या क्यूआरचे पैसे बऱ्याचदा आधी कंपनीकडे गोळा होतात आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी एकगठ्ठा खात्यात येतात, तेही बॉक्सचं महिन्याचं भाडं कापून. पहाटे दूध आणि मैदा उतरवणाऱ्याला उद्याचे पैसे चालत नाहीत. नंबरवर टाकलेले त्याच क्षणी खात्यात. यावर सरळ उपाय म्हणजे करंट खातं असलेल्या बँकेचाच क्यूआर घ्यायचा. बहुतेक बँकांत त्याचे पैसे लगेच जमा होतात.

नंबरवर टाकताना दोन गोष्टी पाहा. बॉक्स फक्त त्याला जोडलेल्या क्यूआरचे पैसे बोलतो, नंबरवर आलेल्यांवर गप्प बसतो. म्हणजे "आलेच नाहीत" हा वाद ठरलेला. आणि पिन टाकण्याआधी नाव वाचा. दुकानाची पाटी एकाची, नंबर मेव्हण्याचा, असं असतंच. विचारून खात्री करून घ्या.

पाव_किलो

एवढं सगळं तांत्रिक कशाला? टॅक्स चुकवायचा असतो, म्हणून रोख. दुकानं पाहून सांगतोय.

रोजकीर्द

@पाव_किलो, भीती टॅक्सची आहे हे खरं. पण बऱ्याच जणांची भीती चुकीच्या हिशेबावर उभी आहे, म्हणून जरा सविस्तर.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या कर खात्याने यूपीआयचे जमा आकडे पाहून हजारो लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा काढल्या. बंगळुरात चहा-बेकरीवाल्यांनी क्यूआर काढून "फक्त रोख" लिहिलं. ते व्हिडिओ आपल्याकडच्या व्यापारी ग्रुपांवरही फिरले आणि इथेही काहींनी बॉक्स कपाटात टाकले. कायदा मात्र वेगळं सांगतो. जीएसटी नोंदणीची मर्यादा नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख, सेवा देणाऱ्याला २० लाख. हॉटेल सेवेत मोडतं. ही उलाढाल रोख आणि यूपीआय मिळून मोजतात. क्यूआर काढल्याने उलाढाल कमी होत नाही, फक्त दिसायची थांबते, आणि मागच्या वर्षांचे आकडे बँकेत राहतातच. नुसती ताजी भाजी किंवा सुटं दूध विकणाऱ्याला, म्हणजे फक्त करमाफ मालाचा धंदा असणाऱ्याला, नोंदणीच लागत नाही. त्याने नोटीस आली तरी खरेदीची बिलं लावून तसं उत्तर द्यायचं.

खरी चूक होते ती बचत खात्यात. दुकानाचा क्यूआर त्याच खात्यावर, मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो तेही त्यात, भिशी त्यात, उसने परत आलेले त्यात. वर्षअखेर जमा बेरीज ४६ लाख दिसते, विक्री असते ३१ लाख. मधल्या १५ लाखांचा खुलासा तीन वर्षांनी कोण देणार? दुकानाला वेगळं करंट खातं काढा, क्यूआर त्याच खात्यावर ठेवा, आणि घरचे व्यवहार त्यात येऊच देऊ नका. मर्यादा ओलांडत असाल तर दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना आहे, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर: माल विकणाऱ्याला १ टक्का, हॉटेलला ५ टक्के.

आयकरात तर यूपीआय फायद्याचं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हिशेबाची वही न ठेवता अंदाजित नफा दाखवायच्या योजनेत रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. ३० लाखांची विक्री सगळी रोख असेल तर नफा २ लाख ४० हजार, सगळी यूपीआयने असेल तर १ लाख ८० हजार. योजनेची मर्यादा २ कोटी, पण रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी.

नकार देता येतो का, तर हो. वर्षाला ५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या धंद्यांनाच यूपीआय आणि रुपे डेबिटची सोय ठेवणं आयकर कायद्याने बंधनकारक आहे, नाही ठेवली तर दिवसाला ५,००० दंड. गल्लीतल्या दुकानावर अशी सक्ती नाही. मॉलमधल्या मोठ्या साखळी दुकानाने "यूपीआय नाही" म्हटलं तर मात्र तक्रारीला जागा आहे.

पंपावरून

पंपाचं कारण राहिलं. ते शुल्कही नाही आणि टॅक्सही नाही, खातं गोठण्याची धास्ती आहे. मे २०२५ मध्ये विदर्भ आणि नाशिककडच्या पंपचालकांनी १० तारखेपासून डिजिटल पैसे घेणं बंद करू असा इशारा दिला होता, तो यावरूनच.

होतं असं: कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक होते, तो १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो. चोराने ते पैसे चार-पाच खात्यांतून फिरवलेले असतात आणि शेवटी कुणीतरी त्यातल्या ५०० रुपयांचं पेट्रोल भरतो. तपासात पैशांचा माग काढत बँका पुढच्या प्रत्येक खात्यावर खूण करतात. नशीब असेल तर पंपाच्या खात्यातले तेवढे ५०० अडकतात. नसेल तर अख्खं खातं बंद, आणि टँकरचे पैसे भरता येत नाहीत.

असं झालं तर शाखेत जाऊन आरडाओरडा करून उपयोग नाही, शाखेच्या हातात ते नसतं. आधी तीन गोष्टी लेखी घ्या: तक्रारीचा पोचक्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस ठाणं, आणि वादातली नेमकी रक्कम. मग त्या तपास अधिकाऱ्याला ईमेल करा आणि प्रत बँकेला द्या. सोबत त्या व्यवहाराचं बिल, गुमास्ता किंवा जीएसटी दाखला, त्या महिन्याचं खात्याचं विवरण आणि असेल तर सीसीटीव्हीचा तुकडा. खातं जप्तीचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मधला. मागणी एकच ठेवा: वादातली रक्कम रोखून ठेवा, बाकी खातं मोकळं करा. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत पुसलं जातं, कळल्याबरोबर काढून ठेवा.

आधीची खबरदारी म्हणजे क्यूआरचं खातं वेगळं, आणि रोज रात्री त्यातली रक्कम पुरवठादारांना पैसे देता त्या खात्यात वळवायची. दुसरी, "तुम्हाला पाच हजार टाकतो, मला रोख द्या" असं म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला सरळ नाही म्हणा. चोरीचे पैसे रोखीत काढायचा तो नेहमीचा मार्ग आहे, आणि तुमच्याकडे दाखवायला बिल नसतं. दहा-वीस रुपये कमिशनसाठी हे करणारे मोबाइल रिचार्जवाले सर्वांत जास्त अडकतात.

बारा_आकडी

पैसे कापले, बॉक्स गप्प. आधी अ‍ॅपमधली स्थिती पाहा. यशस्वी दाखवत असेल तर व्यवहाराच्या तपशिलातला बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) काढा आणि दुकानदाराला त्याच्या व्यापारी अ‍ॅपच्या यादीत तो शोधायला सांगा. बँकेच्या एसएमएसची वाट पाहू नका, तो उशिरा येतो. बॉक्सचं म्हणाल तर त्यात स्वतःचं सिम असतं. आत फळीवर, लोखंडी शटरच्या आडोशाला ठेवला की रेंज जाते आणि तो मुका होतो. पैसे आलेले असतात. याउलट, तुमचा स्क्रीनशॉट दुकानदाराने पुरावा म्हणून मानला नाही तर रागावू नका. हुबेहूब हिरवी टिक दाखवणारी बनावट अ‍ॅप आहेत.

‘प्रलंबित’ दाखवत असेल तर लगेच दुसऱ्यांदा देऊ नका. रिफ्रेश दाबत बसूनही फायदा नाही. ऑगस्ट २०२५ पासून अ‍ॅपला स्थिती विचारायला तीनच संधी असतात, दोन विचारण्यांत ९० सेकंदांचं अंतर. तेवढं थांबा. तरी सुटलं नाही तर रोख देऊन यूटीआर बिलावर लिहून घ्या.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे, दुकानाला दिलेले पैसे कापले जाऊन दुकानाला खात्री मिळाली नाही तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. नंबरवर, म्हणजे व्यक्तीला पाठवलेले अडकले तर एका दिवसात. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. तक्रार आधी अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर, मग आपल्या बँकेत. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फुकट.

कोकणासाठी: यूपीआय लाइट चालू करून ठेवा. त्यात ५,००० पर्यंत शिल्लक ठेवता येते, एका वेळी १,००० पर्यंत पिनशिवाय देता येतात. बँकेचा सर्व्हर झोपला तरी ते चालतं, पण फोनला नेट अजिबात नसेल तर दुकानात क्यूआरवर तेही चालत नाही; लाइट नेटशिवाय चालतं हा गैरसमज काढून टाका. फोन बदलण्याआधी लाइट बंद करून शिल्लक खात्यात परत घ्या. नेट नाही पण साधा कॉल लागतोय, अशा ठिकाणी बँकेत नोंदवलेल्या सिमवरून *९९# लावा. ५,००० पर्यंत पाठवता येतात, दुकानदाराचा नंबर किंवा यूपीआय पत्ता टाकावा लागतो. दुकानाचं वायफाय असेल तर सगळ्यात सोपं, सिम फोनमध्ये असलं म्हणजे झालं.

घाटमाथा

धन्यवाद मंडळी. हार्डवेअरवाल्याला आज खातं निवडलेला स्क्रीन दाखवला, ३,४०० घेतले. किराणावाल्याच्या कोडमध्ये एमसी ००००. त्याला व्यापारी क्यूआर काढायचाय, काय काय लागेल?

काउंटरपलीकडे

पॅन, आधार, करंट खात्याचा रद्द केलेला चेक, गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी, आणि पाटी दिसेल असा दुकानाचा फोटो. दुकानाचं नाव या सगळ्यांवर एकसारखं हवं, "श्री गणेश किराणा" आणि "गणेश ट्रेडर्स" असा फरक असला की अर्ज परत येतो. बॉक्स घेणार असेल तर दुकानात कुठल्या कंपनीची रेंज येते ते आधी बघून त्याच कंपनीचं सिम असलेला मागायला सांगा. आणि नवीन क्यूआर आला की जुना लॅमिनेट केलेला काढून फाडून टाकायचा, नाहीतर अर्धे ग्राहक त्यावरच टाकत राहतील.