‘ला मेर’: फ्रेंच समुद्र स्त्रीलिंगी कसा झाला?

पाणिनीचा_शेजारी (धागाकर्ता):
लॅटिनमधील ‘मारे’ (समुद्र) हा शब्द नपुंसकलिंगी होता. इटालियन आणि पोर्तुगीज भाषांत तो पुल्लिंगी झाला, फ्रेंचमध्ये मात्र ‘ला मेर’ असा स्त्रीलिंगी. आईसाठीच्या शब्दाचा उच्चारही ‘मेर’च असल्यामुळे समुद्राला मातृरूप मिळाले, अशी एक गोड समजूत आहे, ती सोडून द्यावी. माझ्या मते कारण व्याकरणातच आहे. नपुंसकलिंग लोप पावताना त्याच्या अनेकवचनाचा अंत्य ‘आ’ लोकांनी स्त्रीलिंगी एकवचनाचा मानला, आणि म्हणूनच ‘फोलिया’पासून (पाने) आलेला फ्रेंच शब्द आज स्त्रीलिंगी आहे. ‘मारे’चे अनेकवचन ‘मारिया’. तेथेही हेच घडले असावे.

तळटीप:
असहमत. अंत्य ‘आ’ फ्रेंचमध्ये सहसा मूक ‘ए’च्या रूपाने मागे उरतो, आणि ‘मेर’मध्ये तो लेखनातही नाही. हा शब्द थेट एकवचनी ‘मारे’पासूनच आला, हे त्याचे ध्वनिरूपच सांगते. लिंग आले ते जोडीदाराकडून: ‘भूमीवर आणि समुद्रावर’ या अर्थाचा ‘तेर्रा मारिक्वे’ हा लॅटिनमधील रुळलेला प्रयोग आहे, आणि ‘तेर्रा’ स्त्रीलिंगी आहे.

पाणिनीचा_शेजारी:
ध्वनीचा आक्षेप मान्य करण्याजोगा आहे. परंतु ‘तेर्रा’ इटलीतही होतीच. तिच्या शेजारी राहून इटालियन ‘मारे’ पुल्लिंगी कसा राहिला?

तळटीप:
साहचर्य हा नियम नव्हे, कल असतो, आणि म्हणून तो सगळीकडे सारखा दिसत नाही. रुमानियनमध्ये समुद्र स्त्रीलिंगी आहे. स्पॅनिशमध्ये सामान्यतः पुल्लिंगी असलेला हाच शब्द खलाशांच्या आणि कवींच्या तोंडी स्त्रीलिंगी होतो. यावरून बोली लॅटिनमध्येच दोन्ही लिंगे चालत असावीत आणि पुढे प्रत्येक भाषेने एकेक निवडले असावे, असे मला वाटते.

अनुस्वार:
मातृरूपाच्या समजुतीविरुद्ध पुरावाही आहे. सुमारे इ.स. 1100च्या ‘रोलाँचे गीत’ या काव्याच्या तिसऱ्याच ओळीत ‘ला मेर’ स्त्रीलिंगी आहे, आणि त्या काळी आईसाठीच्या शब्दातील अंत्य स्वर उच्चारला जात असल्याने हे दोन शब्द सारखे ऐकू येत नव्हते. त्याच ओळीत भूमीवाचक ‘तेर’ही आहे, याची नोंद ‘तळटीप’ यांनी अवश्य घ्यावी; मात्र एका ओळीतील शेजाराने लिंगाचे मूळ सिद्ध होत नाही, आणि इटालियनविषयीचा प्रश्न अजून जागच्या जागी आहे.