कर्ज काढून परदेशी पदवी, की आधी भाषा शिकून कामाची वाट?

वाटसरू:
परदेशात राहायला जायचं तर आधी डोक्यावर शैक्षणिक कर्ज हवंच, हे मला पटत नाही. जर्मनीत आउसबिल्डुंग (व्यवसाय-प्रशिक्षण) आहे. दोन ते साडेतीन वर्षं काम आणि व्यवसाय-शाळा जोडीनं चालतात. कंपनीत शिकणाऱ्याला दरमहा विद्यावेतन मिळतं. 2025 मध्ये सुरू करणाऱ्यांना पहिल्या वर्षी किमान 682 युरो. त्यासाठी जर्मन साधारण बी1 (मध्यम पातळी) पर्यंत यायला हवी. आधी भाषा, मग बाकीचं.

निशिगंध:
682 युरोत भाडं देऊन उरणार काय? विद्यावेतन कमी पडलं तर उरलेली रक्कम आपल्याकडे आहे हे व्हिसासाठी आपल्यालाच दाखवावं लागतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. शिवाय पदवीधरानं पुन्हा शिकाऊ का व्हावं? तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही (बाडेन-वुर्टेमबर्ग सोडून, तिथे युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो). मास्टर्स करा, पुढे नोकरी शोधायला 18 महिने मिळतात.

वाटसरू:
निशिगंधताई, उरलेल्या रकमेचं लिहायचं राहिलं खरं. पण 'फी नाही' हे ऐकूनच माणसं गाफील राहतात. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) वर्षाचे 11,904 युरो आधी भरायचे. पैसे आपलेच, महिन्याला 992 करून परत हातात येतात; पण एकरकमी उभे कसे करायचे? ज्याच्याकडे ते नाहीत त्याच्याबद्दल मी बोलतोय.

सांजवात:
दोघांनाही सांगते, आजच्या नियमावर पाच वर्षांचं गणित मांडू नका. नॉर्वेत शिक्षण सगळ्यांना फुकट होतं, 2023 पासून युरोपबाहेरच्यांना फी लागू झाली. कॅनडानं 2024 मध्ये विद्यार्थ्यांनी राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम 10,000 वरून थेट 20,635 डॉलर केली. माझी सगळी तयारी अशाच एका बदलात वाया गेली. पुन्हा सुरुवात केली तेव्हा हाताशी फक्त शिकलेली भाषा होती.

निशिगंध:
म्हणजे भाषा आली की कुठलंही काम धरायचं? जपानचा कुशल कामगार व्हिसा बघा. एन4 (प्राथमिक पातळीची) जपानी आणि कौशल्य परीक्षा पास झाली की मिळतो, पण पहिल्या प्रकारात मुदत एकूण पाच वर्षं, आणि नवरा-बायको-मुलांना सोबत नेता येत नाही. स्वस्त म्हणून ही किंमत मी मोजणार नाही.

वाटसरू:
हे मान्य, घरच्यांपासून पाच वर्षं लांब राहा असं मीही कुणाला सांगणार नाही. पण तुमच्या मास्टर्सवाल्यालाही नोकरी शोधताना जर्मन लागेलच ना? मग ती निघायच्या आधीच का शिकू नये?