पतसंस्थेतली युजर अकाउंट एका डिरेक्टरीत आणायचीत, सुरुवात कुठून करू?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. आमची पतसंस्था खानापुरात, एक शाखा जांबोटीला. मिळून २६ कॉम्प्युटर: १७ विंडोज, ९ उबुंटू. प्रत्येक मशीनवर वेगळी अकाउंट. मागच्या महिन्यात एक क्लार्क मॅडम नोकरी सोडून गेल्या. त्यांची अकाउंट बंद करायला मी सात मशीनवर बसलो, तरी जांबोटीतलं एक राहिलंच. चेअरमन साहेबांनी आता होकार दिलाय. सगळी अकाउंट एका जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणून सांबा घेऊ की फ्रीआयपीए? मार्चअखेरच्या आत होईल का?

बेळगावचा_सिस्टीमवाला
मार्चअखेर डोक्यातून काढा. हिशेब मिटवायच्या दिवसांत कॅशियरचं लॉगिन अडलं तर तुम्हाला कोणी माफ करणार नाही. एप्रिलचा दुसरा आठवडा धरा.

विंडोज जास्त आहेत, म्हणून सांबा. २०१२ च्या डिसेंबरात आलेल्या ४.० पासून तो स्वतःच ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (मायक्रोसॉफ्टची अकाउंटची मध्यवर्ती यादी) डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर, होतो. विंडोज होम असलेली मशीन मात्र डोमेनला, म्हणजे त्या सर्व्हरखालच्या गटाला, जोडता येत नाहीत, प्रो लागतं. तो खर्च आधी काढा.

खरं काम सर्व्हरवर नाही, वहीत आहे. कोण माणूस, कुठलं मशीन, काय लॉगिन, आणि उबुंटूवर त्याचा युआयडी (अकाउंटचा क्रमांक) किती, हे सगळं लिहून काढा. उबुंटूत पहिलं अकाउंट १००० चं, पुढचं १००१. म्हणजे खानापुरातल्या मशीनवर १००१ कॅशियर, तर जांबोटीत तोच आकडा शिपायाचा. फाईलवर मालकाचं नाव नसतं, हा आकडाच असतो. म्हणून सगळ्यांना १०,००० च्या पुढचे नवे आकडे द्या आणि जुन्या फायली फाइंड-चाऊन (फायली शोधून मालक बदलणाऱ्या कमांड) लावून त्यांच्या नावे करा. एसएसएसडीत (उबुंटूला डोमेनशी जोडणारी सेवा) आयडी मॅपिंग बंद ठेवा, नाहीतर तो आपले आकडे स्वतःच काढतो.

लॉगिन आडनावावरून नको. आपल्याकडे पाटील किती ते तुम्हाला माहीतच आहे, शिवाय लग्नानंतर नावं बदलतात. कर्मचारी क्रमांक घ्या.

आणि डोमेनमध्ये गावाचं नाव घालू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. आपण बोलताना बेळगावच म्हणतो, पण मी सांभाळतो त्या ऑफिसचं डोमेन जुन्या स्पेलिंगचं आहे. चालत्या डोमेनचं नाव बदलणं म्हणजे जवळजवळ नव्यानं उभारणं, म्हणून ते तसंच राहिलंय.

निपाणीकर
विंडोजवाल्यांसाठी एक सांगतो. डोमेनचं अकाउंट म्हणजे नवा एसआयडी (विंडोजमधला अकाउंटचा क्रमांक), म्हणजे नवं प्रोफाइल, त्या माणसाचा डेस्कटॉप-फायलींचा नवा फोल्डर. माणूस लॉगिन करतो आणि डेस्कटॉप रिकामा! आमच्याकडे एका काकांना वाटलं, वर्षांचं काम गेलं. फायली जुन्या फोल्डरमध्येच असतात, पण काकांचा चेहरा अजून आठवतो. जुनं प्रोफाइल नव्या अकाउंटला जोडून देणारी टूल आहेत. आधी एका मशीनवर करून बघा, आणि लोकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

खानापूरकर
पासवर्ड तसेच नेता येतील का? आणि पावसाळ्यात जांबोटीची नेटची लाईन दोन-दोन दिवस बंद असते, तेव्हा?

बेळगावचा_सिस्टीमवाला
उबुंटूच्या शॅडो फाईलमधले हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) सांबाला चालत नाहीत. नवे द्या, पहिल्या लॉगिनला बदलायला लावा.

लाईनसाठी जांबोटीत दुसरा डोमेन कंट्रोलर ठेवा. ते जमत नसेल तर मशीनवर साठवलेल्या लॉगिनवर (कॅशे) भागवा: विंडोज मुळातच शेवटच्या १० जणांची लॉगिन लक्षात ठेवतं, एसएसएसडीत ती सोय चालू करावी लागते. पण ज्यानं त्या मशीनवर एकदा तरी लाईन असताना लॉगिन केलंय, त्यालाच ती उपयोगी.

जुन्या मशीनच्या सीमॉस बॅटऱ्याही (घड्याळ चालू ठेवणाऱ्या) बदला. लाईट जाऊन आली की घड्याळ मागं जातं, आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की कर्बेरॉस (डोमेनची ओळख तपासायची पद्धत) दारातच अडवतो.

खानापूरकर
आज वही सुरू केली. 'काउंटर' नावाचं एक अकाउंट चौघं वापरतात, रात्रीचा बॅकअपही त्याच नावानं चालतो. ते कसं नेऊ?

बेळगावचा_सिस्टीमवाला
नेऊच नका. चौघांना चार अकाउंट द्या, बॅकअपला वेगळं सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाचं नसून फक्त त्या कामाचं. बॅकअप नव्या नावानं आठवडाभर नीट झाला, एक फाईल परत काढून बघितली, की मगच 'काउंटर' बंद करा.