सत्तरीतले दोघे, ४६ वर्षांनी अचानक समोरासमोर: ओळख पटण्याचा प्रसंग खरा कसा वाटेल?

रंगपेटी:
४० मिनिटांची एकांकिका लिहिते आहे. पात्रं दोनच. ती ७१ वर्षांची, तो ७४. ती पंचविशीत असताना दोघांचं तुटलं, त्यानंतर भेट थेट आता. जागा डोळ्यांच्या दवाखान्यातलं बाहेरचं बाकडं. भेट ठरवून नाही, निव्वळ योगायोग.

ओळख पटण्याचा क्षण प्रत्येक खर्ड्यात खोटा वाटतोय. एका खर्ड्यात तो तिला पाहताक्षणी नावानं हाक मारतो. दुसऱ्यात तिच्या अत्तराच्या वासानं त्याला सगळं आठवतं. वाचून दाखवलं की ऐकणारे हसतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

इतक्या वर्षांनी माणूस आधी कशावरून ओळखू येतो? त्याला नीट ऐकू येत नाही, तर संवाद कसे लिहावेत? नट दोघंही तिशीतले आहेत, त्यांच्याकडून काय करून घ्यावं? आणि शेवटी आनंदाच्या धक्क्यानं त्याचं हृदय बंद पडतं असा एक खर्डा आहे, तो टिकेल का?

स्मरणवही:
अत्तर आधी काढून टाका. वासाची जाण वयाबरोबर फार जाते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांची वास ओळखण्याची क्षमता बरीच घटलेली आढळली, ८० च्या पुढे तर तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांची. ७४ वर्षांच्या माणसाला गर्दीतून मंद अत्तर ओळखायला लावणं म्हणजे लेखकानं त्याला नाक उसनं देणं.

आता चेहरा. १९७५ साली अमेरिकेत हॅरी बॅरिक आणि सहकाऱ्यांनी ३९२ जणांची परीक्षा घेतली. शाळा सोडून काहींना काही महिनेच झाले होते, काहींना जवळजवळ ५० वर्षं. शाळेतल्या सोबत्यांचे फोटो ओळखण्यात पस्तीसेक वर्षांपर्यंत लोक ९० टक्क्यांच्या आसपास बरोबर होते. पण कशाचाही आधार न देता ‘नावं आठवून सांगा’ म्हटलं की आकडा धाडकन खाली. शिवाय हे फोटो तरुणपणीचे होते, हे विसरू नका. त्याच्या डोक्यात पंचविशीतला चेहरा शाबूत आहे आणि समोर बसलाय तो ७१ चा. या दोहोंची सांगड घालायला वेळ लागतो, आणि तो वेळ म्हणजेच तुमचा प्रसंग.

सहसा आधी येते ती नुसती ‘हिला कुठेतरी पाहिलंय’ अशी जाणीव. कुठे, कधी, काही नाही. मग एखादी लकब किंवा हसण्याची तऱ्हा. मग ठिकाण. नाव सगळ्यांत शेवटी, कारण विशेषनामाला अर्थाचा टेकू नसतो. शिक्षिका म्हटलं की फळा आठवतो, वर्ग आठवतो. नावाला तसं काहीच चिकटलेलं नसतं. म्हातारपणी जिभेवर येऊन अडकतात ती बहुतेक नावंच. पहिलं अक्षर येतं, किती अक्षरी ते कळतं, आणि मध्येच भलतंच नाव येऊन वाट अडवून बसतं. जोर लावला की ते भलतंच नाव आणखी घट्ट बसतं. विषय बदलला, चहा आला, की खरं नाव आपसूक येतं. म्हणून त्याच्या तोंडी नाव संबंध नसलेल्या वाक्याच्या मध्ये टाका.

आणखी एक. दोघांना एकच आठवण सारखी येऊ देऊ नका. आठवण दर वेळी सांगताना थोडी नव्यानं घडते. जिनं ती शंभरदा सांगितली तिची आवृत्ती गुळगुळीत असेल, ज्यानं कधीच कुणाला सांगितली नाही त्याची खडबडीत, तुकड्यातुकड्यांची. कोणी कोणाला सोडलं यावरही एकमत नको. मात्र दहा ते तिशीदरम्यानच्या आठवणी पुढच्या वर्षांपेक्षा दाट असतात, तेव्हा त्या काळाबद्दल दोघं भरभरून बोलले तर ते खरंच वाटेल.

कानोसा:
ऐकण्याबद्दल. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, साधारण २००० हर्ट्‌झच्या वरचे. स्वर जाड असतात, ते बरेचसे ऐकू येतात. स, श, ष, फ, ख, ट ही व्यंजनं तिथेच वर असतात आणि तीच गळतात. म्हणून म्हातारी माणसं ‘आवाज येतो, पण बोलणं कळत नाही’ म्हणतात. ते अगदी अचूक वर्णन आहे.

तुमची जागा दवाखाना आहे, म्हणजे नावं पुकारली जाणार. तिचं नाव सुषमा ठेवा. आतून ‘सुषमा’ अशी हाक येते, त्याला ऐकू येतं ‘उमा’. प्रेक्षकांना नाव कळलं, त्याला नाही. पुढची दहा मिनिटं तो तिला उमाताई म्हणत राहील आणि ती दुरुस्त करणार नाही. याउलट ‘मीरा’सारखं नाव त्याला बऱ्यापैकी नीट ऐकू गेलं असतं.

नवशिके नट हमखास करतात ती चूक म्हणजे बहिऱ्याशी ओरडून बोलणं. ओरडल्यानं स्वर फुगतात, व्यंजनं तिथेच राहतात. शिवाय कान कमजोर झाला की मोठा आवाज लवकर टोचू लागतो, म्हणून ‘ओरडू नका हो’ हे वाक्य ‘काय म्हणालात?’च्या लगेच पुढे येऊ शकतं. खऱ्या आयुष्यात उपयोग होतो तो समोर येऊन, मीटरभर अंतरावरून, चेहऱ्यावर उजेड ठेवून, किंचित सावकाश बोलण्याचा. बाकावर शेजारी बसलेल्या दोघांना ओठ दिसत नाहीत. तेव्हा तिला वळून बसावंच लागेल. जवळ येण्याचं कारण तुम्हाला आयतं मिळालंय, ते ‘प्रेम’ म्हणून रंगवू नका.

आवाजावरून ओळखण्याचा मोह होईल. पण पाळी गेल्यानंतर बाईचा आवाज खाली उतरतो, आणि उतारवयात स्वरतंतू पातळ झाल्यानं पुरुषाचा थोडा वर चढतो. दोघांचे आवाज एकमेकांकडे सरकलेले असतात. जुना सूर टिकतो तो हसण्यात आणि बोलण्याच्या लयीत. वाक्याच्या शेवटी थांबण्याची, मध्येच श्वास घेण्याची तिची एक खोड ठरवून घ्या आणि पहिल्या पाच मिनिटांत दोनदा पेरा.

मोतीबिंदू_नको:
डोळ्यांचं थोडक्यात. बाहुली मोठी करणारे थेंब २० ते ३० मिनिटांत लागू होतात, परिणाम चार ते सहा तास राहतो, कधी जास्त. ‘थेंबांमुळे जवळचं दिसत नाही’ असं त्याच्या तोंडी घालू नका. सत्तरीत जवळचं पाहायची लवचीकता आधीच संपलेली असते, त्यासाठी चष्मा आहेच. खरा त्रास उजेडाचा. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा त्याला नुसता काळा आकार दिसेल. तिला खिडकीपाशी बसवा.

आणि तिला थेंब घालू नका. तिच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असू दे. जुनं भिंग पिवळं पडलेलं असतं, निळा उजेड अडवतं. नव्या डोळ्याला पांढरं निळसर दिसतं, दुसऱ्याला तेच जुन्या कागदासारखं. काही आठवड्यांत मेंदू जुळवून घेतो, पण तोवर आळीपाळीनं एकेक डोळा मिटून पाहायची सवय लागते. ती त्याच्याकडे असं पाहू शकते. म्हणजे तिला तो आधी ओळखू येतो, त्याला ती नाही. बोलायचं की नाही हे तिच्या हातात राहतं, आणि नाटक त्यातच आहे असं मला वाटतं.

अश्रूंचं सांगते. खालची पापणी सैल पडली की पाणी आपोआप गालावर येतं, वाऱ्यानंही येतं. म्हणून तो सतत डोळे टिपत असला तरी कुणाला काही वाटणार नाही. नेमकं कोणतं पाणी रडण्याचं, हे प्रेक्षकांवर सोडा.

विंगेतून:
तिशीतल्या नटांना वाकलेली पाठ आणि थरथरता हात, एवढंच म्हातारपण माहीत असतं. दोन्ही काढा. थरथर वयानं येत नाही, आजारानं येते. हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो तो एक आजार, कप उचलताना थरथरतो तो दुसरा. नट दोन्ही एकत्र करतो, आणि तिथेच खोटं दिसतं.

उठण्यापासून तालीम सुरू करा. आधी पुढे सरकून बाकाच्या कडेवर. पावलं मागे, गुडघ्यांच्या किंचित आत. दोन्ही हात बाकावर. धड इतकं पुढे की नाक पायाच्या बोटांवर यावं. मग उठणं, बहुधा दुसऱ्या प्रयत्नात. उठल्यावर लगेच चालायचं नाही. रक्तदाब सावरेपर्यंत दोन-तीन सेकंद बाकाला हात लावून थांबायचं. ‘मी निघते’ म्हणून ती उठली, की हे दोन-तीन सेकंद आपोआप मिळतात. तिथे संवाद घालू नका.

चालण्याची गोष्ट त्याहून महत्त्वाची. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धांना चालवता चालवता बोलतं केलं. ५८ पैकी १२ जण बोलायला लागताच चालायचे थांबले, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. चालणं पूर्वीसारखं बिनबोभाट राहिलं नाही की त्याला लक्ष द्यावं लागतं, आणि बोलण्यासाठी पाय थांबतात. बाकापासून दारापर्यंत समजा १२ पावलं आहेत. साध्या वाक्यांना तो चालत राहील. मुद्द्याचं वाक्य आलं की थांबेल. १२ पावलांत तीनच थांबे ठेवा, जास्त झाले की विनोदी होतं.

उंची चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण सेंटिमीटरभर कमी होते, बायकांची थोडी अधिक. ‘तू एवढी बुटकी नव्हतीस’ हे वाक्य चालेल, फक्त त्याला उभं राहिल्यावर द्या. रंगभूषेत सुरकुत्यांच्या रेघा ओढू नका, छोट्या सभागृहात पेन्सिल दिसते. कानशिलं, गळा आणि हाताची पाठ इथे छाया द्या. हात विसरतातच सगळे.

धडधड:
हृदयाच्या खर्ड्याबद्दल. तीव्र भावनेनं हृदयाचा डावा कप्पा फुगून तात्पुरता कमजोर होतो, हा आजार खरा आहे. १९९० साली जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं आणि ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून त्याला ताकोत्सुबो नाव दिलं. पण ९० टक्क्यांच्या आसपास रुग्ण बायका, त्याही बहुतेक पाळी गेलेल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींत भावनिक कारणानं आजारी पडलेल्या ४८५ जणांपैकी आनंदाच्या धक्क्याचे फक्त २०. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. म्हणजे तुमच्या नाटकात काही व्हायचंच असेल तर ते तिला होईल, आणि ती बहुधा बरी होईल. मी असतो तर हा खर्डा फेकला असता.

रंगपेटी:
फेकला. सुषमा-उमा घेतेय. एकच शंका: शेवटी दोघांनी मिठी मारावी का? तोवर त्याला ओळख पटलेली असेल. त्याच्या कानात यंत्र आहे.

कानोसा:
मारू दे, पण कोणत्या बाजूनं ते ठरवा. तिचा गाल किंवा हात यंत्राला टेकला की आतला आवाज परतून माइकमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारतं. शिट्टी त्याला स्वतःला कदाचित ऐकूच येणार नाही, तिला येईल. ध्वनीवाल्याला बारीक, उंच, दोन सेकंदांची शिट्टी द्यायला सांगा. यंत्र एकाच कानात ठेवा, प्रेक्षकांकडच्या, म्हणजे तिचा हात तिथून दूर होताना सगळ्यांना दिसेल.