रापणीसाठी परदेशी निधी? आधी नॉर्वेची आठवण काढा

किनाऱ्यावरचा (धागा लेखक)

परवा इथल्याच एका सदस्याने लिहिलं होतं: "परदेशी निधी आला नाही तर काही वर्षांत गोव्याची रापण (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं) फक्त संग्रहालयात दिसेल. सरकारला जमत नाही, मच्छीमारांना कळत नाही, तेव्हा बाहेरच्यांनीच येऊन शाश्वत मासेमारी शिकवायला हवी." खाली पसंतीच्या अंगठ्यांची रांग. गप्प बसणार होतो, पण ते "मच्छीमारांना कळत नाही" काही केल्या घशाखाली उतरेना.

शिकवायला आधी आलेच होते की. 1952 साली भारत, नॉर्वे आणि युनो यांचा करार झाला आणि पुढच्या वर्षी केरळात कोल्लमजवळ नीण्डकऱ्याला भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. हेतू सोन्यासारखा. गरीब मच्छीमाराच्या होडीला इंजिन द्यायचं, मासळी टिकवायची सोय करायची, त्याचं घर सुधारायचं. जुन्या होड्यांना इंजिन मानवेना, म्हणून नव्या यांत्रिक बोटी आल्या. मग गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जाते आणि डॉलर येतात हे दिसल्यावर त्याच बोटींमागे तळ खरवडत जाणारं ट्रॉलचं जाळं लागलं, आणि ज्याच्यासाठी प्रकल्प होता तो मागे राहून पैसेवाले पुढे आले. केरळच्या किनाऱ्यावर पुढे जी ट्रॉलर विरुद्ध होडी लढाई पेटली तिचं मूळ इथे आहे. तिथे पावसाळी ट्रॉलबंदी मिळायला 1988 उजाडलं.

आता आपल्याकडचं. सत्तरच्या दशकात ट्रॉलर काठाला घासून बांगडा उपसायला लागले तेव्हा मच्छीमारांचे नेते माथानी साल्ढाणा यांच्याबरोबर रस्त्यावर कोण उतरलं? हेच "न कळणारे" रापणकार. त्यांच्या दबावातून 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. आज यांत्रिक बोटीला किनाऱ्यापासून 5 किलोमीटरच्या आत बंदी आहे. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे खेचून करायच्या मासेमारीला केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. नियम आहेत, रात्री समुद्रात गस्त नाही. यात बाहेरचा तज्ज्ञ येऊन काय शिकवणार? पणजीच्या हॉटेलात कार्यशाळा होईल, पाटीवर जाळं ओढणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो असेल, आणि त्या म्हाताऱ्याला आमंत्रण नसेल.

मांडवीपार

ती पोस्ट माझी, तेव्हा उत्तर देणं आलं.

इतिहास सोयीचा तेवढाच सांगायचा ही तुमची जुनी खोड. नीण्डकऱ्याला बोटी आल्या तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते. आपल्याकडे ट्रॉलर आला तो 1961 नंतर, आपल्याच सरकारच्या कर्जावर आणि अनुदानावर. त्याचं बिल ऑस्लोला का पाठवता? आणि नॉर्वेच्या प्रकल्पात दवाखाना होता, पिण्याच्या पाण्याची सोय होती, ते बरं गाळलंत.

परदेशी मदत म्हणजे फक्त ट्रॉलर नव्हे. तिरुअनंतपुरमजवळ मारियानाडला मच्छीमारांनी किनाऱ्यावरच सोसायटी काढली आणि लिलाव व्यापाऱ्याच्या हातातून स्वतःच्या हातात घेतला. त्या वळणाच्या सोसायट्यांचा महासंघ 1980 मध्ये उभा राहिला, आणि त्याच्या होड्यांच्या, प्लायवूडच्या कामाला बाहेरच्या तंत्रज्ञांचा आणि पैशाचा हात लागलेला आहे. पहिली विक्री ज्याच्या हातात, मासळी त्याची. गोव्यात एक तरी रापण सोसायटी लिलाव स्वतः करते का, सांगा.

"मच्छीमारांना कळत नाही" हे वाक्य मागे घेतो, खूश? बाकी सगळं तसंच.

पेडण्याची माई

दोघांनीही मला विचारलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या गावात एका संस्थेने बाहेरच्या पैशातून बायकांच्या गटाला मासळी सुकवायचं यंत्र दिलं. सौरऊर्जेवरचं, काचेचं, चकचकीत. उद्घाटनाला गोरे पाहुणे, फुगड्या, सगळं झालं. आम्ही आधीच सांगितलं होतं की सुकी मासळी आम्ही मे महिन्यात करतो, तेव्हा ऊन फुकट असतं आणि वाळूवर जागा लागते. ती जागा तेवढी मिळवून द्या, कारण किनाऱ्यावरचे शॅकवाले (पर्यटकांची खोपटी हॉटेलं) आणि त्यांच्या खाटा आम्हाला तिथे बसू देत नाहीत. तर म्हणाले, जागेचा विषय आमच्या प्रकल्पात बसत नाही.

यंत्रात आता कुणीतरी जुन्या खुर्च्या ठेवल्यात. अहवालात मात्र आम्ही "सक्षम" आहोत, फोटोसकट.

जेटीवरचा

झालं? ट्रॉलरवाल्यांना शिव्या देऊन झाल्या? माझी बोट मालिमच्या जेटीला लागते, नाव सांगणार नाही कारण इथले लोक कसे आहेत ते ठाऊक आहे. 1 जून ते 31 जुलै 61 दिवस बोट बांधून ठेवतो, डिझेल, बर्फ आणि दुरुस्ती माझ्या खिशातून. तुमच्या ताटातला बांगडा कुठून येतो वाटतं? रापणीतून? आख्ख्या गोव्याला रापणीच्या बांगड्यावर जेवायला बसवलंत तर निम्मे उपाशी उठतील.

आणि एक सरळ प्रश्न. रापण ओढायला माणसं कुठे आहेत? तुमची पोरं ओढतात? माझ्या बोटीवर ओडिशा आणि झारखंडचे खलाशी आहेत. रापणीवरही तेच दिसतात. पारंपरिक कोण मग, जाळं की माणूस?

एकेकाळचा तांडेल

जेटीवरच्या भाऊ, प्रश्न बरोबर, पण विचारायचा हक्क तुम्हाला नाही. माझे वडील तांडेल (होडीचा म्होरक्या), मी तांडेल, आणि माझा मुलगा क्रूझवर. का गेला विचारा. रापणीत जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, मग ओढणाऱ्यांचे वाटे. मासळी आली तर वाटा, नाही तर मोकळ्या हाताने घरी. तुमच्या बोटींनी आत येऊन बांगडा उचलला आणि वाटे कमी होत गेले, तेव्हा पोरगा किती वर्षं रिकामी दोरी ओढणार?

फोंड्याहून

तांडेलदादा, रागावू नका, पण ट्रॉलरवर ढकलणं सोपं आहे. माझी सासुरवाडी बार्देश किनाऱ्यावर. मेव्हण्याने होडीला इंजिन लावलं, मग तीच होडी डॉल्फिन दाखवायला लावली, मग विकली, मग वाळूलगतची जागा दिल्लीवाल्याला भाड्याने दिली. आता दुपारपर्यंत झोपतो आणि संध्याकाळी "गोंय वाचोवया"च्या सभेला जातो. यात कुठला ट्रॉलर आला? पर्यटनाचा पैसा सोपा होता, घेतला. घ्या की, कुणी अडवलं? पण मग संस्कृती बुडाली म्हणून रडू नका.

पेडण्याची माई

बाबा रे, जागा भाड्याने देतो तो पुरुष. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरत होती ती त्याची आई. तिला विचारलं होतं का देताना? आमच्याकडे वाळूकडे जायची पायवाट होती, तिथे आता गेट आहे आणि गेटवर चौकीदार. रापण काढायची म्हणजे होडी वाळूवर ओढून ठेवायला जागा लागते, जाळं वाळवायला जागा लागते. ती गेली की तुमचा वाटा, लिलाव, नॉर्वे, सगळं वाऱ्यावर.

जेटीवरचा

म्हणजे शेवटी जमीन तुम्हीच विकलीत, आणि दोष माझ्या बोटीला.

एकेकाळचा तांडेल

आम्ही विकली नाही. ज्यांनी विकली त्यांनी विकली. तू तोंड सांभाळून बोल. तुझ्या बोटीवरच्या पोरांना किनाऱ्यावर धड संडास नसतो. 2024 मध्ये कुटबणच्या जेटीवर खलाशांमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा तुम्ही बोटमालक काय करत होता? ओडिशाच्या पोराची एवढी काळजी आहे तर त्याला पाणी तरी स्वच्छ द्या.

जेटीवरचा

मालिमचा माणूस कुटबणचा हिशेब देणार नाही. आणि अरेतुरे करायचं नाही, मी तुमचा खलाशी नाही.

संपादक

एकेरीवर येऊ नका. विषय परदेशी निधी हा आहे, जमीन आणि पर्यटनासाठी वेगळा धागा काढा.

फोंड्याहून

संपादकांना नम्र विनंती, धागा आता कुठे रंगात आलाय. जमीन वेगळी काढली तर रापण उरते कुठे, हवेत?

मांडवीपार

विषयावर येतो, कुणी वाचत असेल तर. शेजारच्या सिंधुदुर्गात जागतिक पर्यावरण निधी आणि यूएनडीपीच्या (युनोच्या विकास कार्यक्रमाच्या) प्रकल्पातून ट्रॉलच्या खोळीला, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, 40 मिलिमीटरच्या चौकोनी आसांचं (भोकांचं) जाळं वापरायची सुरुवात झाली, म्हणजे बारकी मासळी निसटते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका कांदळवन सफर चालवतात, ती त्याच प्रकल्पातून. हे परदेशी पैशाने झालेलं काम आहे. आणि मालवणच्या समुद्रात गोव्याच्या बोटी घुसून पकडल्या जातात तेव्हा आपल्याच "गरीब गोंयकार मच्छीमारा"बद्दल काय म्हणायचं, तेही सांगा.

2014 साली जगातल्या छोट्या मच्छीमारांसाठी अन्न व कृषी संघटनेने मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, त्यात किनाऱ्यावरच्या जमिनीवरचा हक्क आणि बायकांचं काम स्पष्ट लिहिलंय. माईंच्या गावातल्या संस्थेने ती वाचली नसतील तर तत्त्वांचा दोष नाही.

किनाऱ्यावरचा

कांदळवन सफर मान्य. बायकांना पैसे मिळतात, चांगली गोष्ट. पण ते पर्यटन झालं, मासेमारी नव्हे. मासेमारी वाचवायला निघालेला निधी शेवटी मच्छीमाराला नावाडी किंवा गाइड करतो, हे तुम्हाला खटकत नाही? फोंड्याच्या भाऊंच्या मेव्हण्याने तेच स्वतःच्या अकलेने केलं, त्याला कुणी अनुदान दिलं नाही.

आणि मदत देणाऱ्यांचे दोन हात पाहा. युरोपियन युनियन सेनेगलला मासेमारी क्षेत्र सुधारण्यासाठी पैसे द्यायची, आणि त्याच कराराखाली तिच्या बोटी सेनेगलच्या समुद्रात मासे पकडायच्या. करार नोव्हेंबर 2024 मध्ये संपला. अशी मदत म्हणजे घरातली गाय घेऊन जायची आणि पावशेर दूध पाठवायचं. आपण तर मासेमारीच्या अनुदानांवर बंदी आली तर मोठे देश सुटतील आणि आपल्या छोट्यांवर बंधन येईल म्हणून जागतिक व्यापार संघटनेत त्या बंदीतून 25 वर्षांची सवलत मागत बसलो होतो.

वाळपईकडचा

समुद्र आमच्यापासून लांब, तरी एक तांत्रिक गोष्ट. परदेशी निधीचा कायदा 2020 मध्ये बदलला. आता परदेशी पैसा घेतलेली संस्था तो दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. खाती दिल्लीच्या स्टेट बँकेत. म्हणजे पैसा आलाच तर ज्यांच्याकडे दिल्लीपर्यंतचे कागद सांभाळणारा सनदी लेखापाल आहे त्यांच्याकडे येणार. गावातली सोसायटी नुसती बघत राहणार. मांडवीपार, तुमच्या मारियानाडसारखं आज करायचं तर वरची संस्था खालच्यांना पैसा कसा देईल?

मांडवीपार

हा मुद्दा खरा आहे, आणि किनाऱ्यावरच्या भाऊंनी मांडला असता तर मी आधीच ऐकला असता. पण तुम्ही कायदा सांगितलात, त्यांनी नॉर्वे. थेट पैसा नको, सरकारी योजनेतून किंवा यूएनडीपीसारख्या मार्गाने आला तरी चालेल. नको म्हणणाऱ्यांनी पर्याय सांगावा.

किनाऱ्यावरचा

पर्याय सांगितलाच होता, गस्त. केंद्राच्या योजनेत बोटींना ट्रान्सपाँडर (बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र) मोफत बसवतायत. जेटीवरच्या भाऊंची बोट 5 किलोमीटरच्या आत गेली की स्क्रीनवर दिसेल. त्याला डॉलर लागत नाहीत, स्क्रीन बघणारा आणि नंतर फोन आला तरी केस न मिटवणारा अधिकारी लागतो. तो कुठल्या देशाकडून मागवायचा?

जेटीवरचा

माझ्या बोटीला बसवा, मी तयार आहे. फक्त तो माणूस एलईडीवाल्यांची स्क्रीन पण बघणार ना? त्यांच्या मालकांची नावं मला माहीत आहेत, तुम्हालाही माहीत आहेत, आणि इथे कुणीच लिहिणार नाही.

पेडण्याची माई

लिहू नका. पायवाटेवरचं गेट काढायचं कुठल्या खात्यात बसतं, तेवढं सांगा. दोन खाती फिरून झाली, दोन्हींनी तिसऱ्याकडे पाठवलं.

वाळपईकडचा

गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या, सोबत पंचायतीचा ठराव जोडा. नकाशा लागेल, तो मी काढून देतो, सर्व्हे नंबर खासगी निरोपात पाठवा.